कुत्र्याला शिकवावे कसे?



कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असे आपण निबंधात दरवर्षी लिहितो. पण कुत्रा आपोआप शहाणा होत नाही. त्याला शिकवावे लागते आणि त्याची निगाही राखावी लागते. ही माहिती मी धनगरमामांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लिहिली आहे. थोडी आमच्या मोत्याने शिकवली.

सुगी झाली की आमच्या रानात बकरी बसवायला येतात. आपल्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात. रात्री बकरी जाळीत असतात आणि कुत्री बाहेर फिरतात, म्हणून लांडगा जवळ येत नाही. मामांचा पोरगा माझ्याएवढाच आहे. त्याचे पिल्लू कोकरांतच झोपते. पिल्लाने कोकराचा कान ओढला, तर तो नुसता "हूं!" म्हणतो आणि पिल्लाला बाजूला घेतो. मारत नाही. मी विचारले, असे का? तो म्हणाला, "मारलं तर ते बकऱ्यावरच राग धरतंय."

डॉक्टरांनी त्याचे कारण सांगितले. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत पिल्लू ज्यांच्यात राहते, त्यांना ते आपले मानते. म्हणून पिल्लाला दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर त्याला कोंबड्या, म्हशी, सायकल, पाहुणे सगळे हळूहळू दाखवावे.

आता "बस" कसे शिकवायचे ते सांगते. भाकरीचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरायचा आणि डोक्यावरून मागे न्यायचा. ते वर बघते आणि त्याचे ढुंगण आपोआप खाली टेकते. टेकले की लगेच "बस" म्हणायचे आणि तुकडा द्यायचा. उशिरा दिला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. सकाळी पाच मिनिटे, संध्याकाळी पाच मिनिटे पुरे. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आमच्याकडे मी "ये" म्हणते आणि आजोबा "हाड" म्हणतात, मग मोत्या मधेच उभा राहतो! हाक मारल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीच मारू नये. पुढच्या वेळी ते येणारच नाही.

पूर्वी कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्तेसुद्धा शिकवत. चित्त्याने काळवीट धरले की त्याला जागेवरच वाटा मिळे. म्हणजे चित्त्यालाही भाकरीचाच नियम!

शेजारच्या कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ गाव आहे. तिथले कुत्रे उंच, सडपातळ आणि फार वेगवान असतात. ते वासापेक्षा नजरेने शिकार धरतात. 2005 साली त्यांचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले. 2016 साली मुधोळचे कुत्रे सैन्याने शिकवण्यासाठी मेरठला नेले. आमचा मोत्या गावठी आहे, पण "बस" तोही आठ दिवसांत शिकला.

आता महत्त्वाचे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला गल्लीतली कुत्री चावली. त्या कुत्रीची पिल्ले लहान होती आणि बहीण ती बघायला वाकली होती. पिल्लांच्या आईजवळ किंवा खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये. आज्जी जखमेत चटणी भरणार होती. पण आईने पाय नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला. मग लगेच सरकारी दवाखान्यात नेले. तिथे जखमेभोवती एक औषध टोचले आणि दंडात लस दिली. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती आता बंद झाली आहेत, पण मोठी माणसे अजून त्यालाच घाबरतात.

पिसाळण्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. तो कुत्र्याच्या लाळेतून येतो. एकदा लक्षणे दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून लस आधीच घ्यावी. 1885 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो वाचला. तो आपल्या तिसरीतल्या मुलांएवढाच होता.

त्यानंतर आज्जी म्हणाली, "घरात कुत्रं नको म्हणजे नको." मोत्या तेव्हा तीन महिन्यांचा होता. बाबा म्हणाले, "लस टोचून आणली तर राहू दे." मी आणि आजोबा त्याला पोत्यात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी लस टोचली आणि कार्डावर तारीख लिहून दिली. ही लस दरवर्षी द्यावी लागते. ते कार्ड आज्जीने स्वतः देवळीत ठेवले आहे.

डॉक्टरांनी आणखी सांगितले की कुत्र्याला कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, ती घशात टोचतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकते. म्हणून उन्हाळ्यात सावली आणि पाण्याचे परळ हवे. कानातले गोचीड रोज बघावेत.

मोत्याला "बस", "ये" आणि "थांब" येते. कोंबड्यांमागे पळायचे मात्र त्याने अजून सोडलेले नाही. आज्जी रोज सकाळी कोंबड्या मोजते.

– इयत्ता चौथी