पाण्याच्या रंगाची अवकाशातून नोंद : शैवालबहर, उपग्रह आणि बंगळुरूचे तलाव

भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे, म्हणजेच इस्रोचे मुख्यालय बंगळुरू येथे आहे. समुद्राच्या पाण्याचा रंग टिपणारे ओशनसॅट मालिकेतील उपग्रह याच शहरातील उपग्रह केंद्रात आकाराला आले. त्याच शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावावर मे २०१५ मध्ये फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे पुन्हा आग लागली. जानेवारी २०१८ मध्ये तलावक्षेत्रातील वाळलेले तण पेटले, तेव्हा ती आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले. महासागराचा रंग अवकाशातून वाचणाऱ्या शहराला आपल्या दाराशी असलेले पाणी का राखता आले नाही, हा प्रश्न केवळ बंगळुरूचा नाही. जलप्रदूषणाचे निरीक्षण आणि त्यावरील उपाययोजना यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. पर्यावरण, विज्ञान-तंत्रज्ञान आणि प्रशासन या तिन्ही घटकांच्या अभ्यासासाठी हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे.

शैवालबहर म्हणजे काय?

पाण्यात सूक्ष्म वनस्पती-प्लवक नेहमीच असतात व ते जलीय अन्नसाखळीचा पाया होत. मात्र पोषकद्रव्ये, सूर्यप्रकाश, उष्णता आणि संथ पाणी एकत्र आले की काही दिवसांतच त्यांची बेसुमार वाढ होते व पाण्याला हिरवा, तांबडा किंवा तपकिरी रंग येतो. या अवस्थेला शैवालबहर म्हणतात. या वाढीमुळे विषनिर्मिती झाली, मासे मेले किंवा पाणी वापरण्यास अयोग्य ठरले, तर तो अपायकारक शैवालबहर होय.

पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण वाढत जाण्याच्या क्रियेस सुपोषण असे नाव आहे. नाव शुभ वाटले तरी परिणाम घातक असतो. सागरी प्लवकांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे सरासरी प्रमाण १०६ : १६ : १ असते. हे रेडफिल्ड गुणोत्तर म्हणून ओळखले जाते. वजनाचा हिशेब केल्यास १ ग्रॅम फॉस्फरसच्या आधारे सुमारे ४१ ग्रॅम कार्बन असलेले सेंद्रिय द्रव्य तयार होऊ शकते. सांडपाण्यातील थोड्या फॉस्फरसमुळे संपूर्ण तलाव हिरवा का होतो, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे.

बहरातील शैवाल दिवसा प्रकाशसंश्लेषणाद्वारे प्राणवायू सोडतात, परंतु रात्री केवळ श्वसन करतात. मृत शैवालांच्या कुजण्यातही प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे पहाटेच्या सुमारास विद्राव्य प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी तलावात मेलेले मासे तरंगताना आढळतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मार्च २०१६ मध्ये बंगळुरूच्या हलसूर तलावात मोठ्या प्रमाणावर मासे मेले, तेव्हाही सांडपाणी व प्राणवायूची घट यांचीच चर्चा झाली.

मानवी आरोग्यावरील परिणामही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. गोड्या पाण्यातील मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित जीवाणू यकृतास अपायकारक असे मायक्रोसिस्टिन हे विष निर्माण करतात. पिण्याच्या पाण्यातील मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. समुद्रात काही शैवालांची विषे शिंपलावर्गीय जीवांत साठतात. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळमधील विळिंजम येथे असे जीव खाल्ल्याने सात जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

रंगावरून निदान कसे होते?

शैवालांतील हरितद्रव्य सुमारे ४४० व ६७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा प्रकाश अधिक परावर्तित करते. बहर दाट असल्यास ७०० ते ७१० नॅनोमीटरच्या आसपास परावर्तनाचे एक शिखर दिसते. नीलहरित जीवाणूंमधील फायकोसायनिन हे रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते. उपग्रहावरील संवेदक या निरनिराळ्या पट्ट्यांत प्रकाश मोजतात व त्यांच्या तुलनेतून हरितद्रव्याचा अंदाज बांधला जातो. सुदूर संवेदनाच्या या शाखेला महासागर-रंग निरीक्षण म्हणतात.

गढूळ व सुपोषित पाण्यासाठी एक सोपा निर्देशांक वापरला जातो. ७०५ नॅनोमीटरजवळील परावर्तनातून ६६५ नॅनोमीटरजवळील परावर्तन वजा करावे आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागावे. समजा, एका ठिकाणी ही परावर्तने अनुक्रमे ०.०६ व ०.०४ आहेत. वजाबाकी ०.०२, बेरीज ०.१० आणि निर्देशांक ०.२ येतो. दुसऱ्या ठिकाणी ती ०.०१० व ०.०१५ असल्यास निर्देशांक उणे ०.२ येईल. पहिल्या ठिकाणी शैवाल अधिक असण्याची शक्यता आहे, असा याचा अर्थ. ही शक्यता होय, खात्री नव्हे. हे येथेच लक्षात घ्यावे.

या क्षेत्रातील पहिला महत्त्वाचा संवेदक १९७८ मध्ये अमेरिकेच्या निम्बस-७ उपग्रहावरून गेला. भारताने २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्ही-सी२ या प्रक्षेपकाद्वारे ओशनसॅट-१ अवकाशात पाठविला. त्यावरील ओसीएम या संवेदकात आठ वर्णपट्टे होते. त्यानंतर २३ सप्टेंबर २००९ रोजी ओशनसॅट-२ व २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ईओएस-०६, अर्थात ओशनसॅट-३ यांचे प्रक्षेपण झाले. ओशनसॅट-३ वरील ओसीएममध्ये तेरा वर्णपट्टे आहेत. अशा माहितीच्या आधारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, भारतीय समुद्रांतील शैवालबहरांची माहिती देणारी सेवा चालविते.

समुद्र, खाजण सरोवर आणि शहरी तलाव

समुद्रासाठी योग्य असलेला उपग्रह तलावासाठी पुरेसा ठरतोच असे नाही. ओशनसॅट-१ च्या ओसीएमचा एक चित्रबिंदू सुमारे ३६० मीटर लांब व २३६ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ साडेआठ हेक्टर क्षेत्राचा होता. ओडिशातील चिलिका हे खाजण सरोवर उन्हाळ्यातही सुमारे ९०० चौ. कि.मी. पसरलेले असते. त्यावर असे सुमारे साडेदहा हजार चित्रबिंदू बसतात. बेळ्ळंदूर तलावाचे क्षेत्र मात्र सुमारे ९०० एकर, म्हणजे ३६४ हेक्टर आहे. त्यावर जेमतेम ४३ चित्रबिंदू बसतील आणि त्यांतीलही अनेक काठावरील जमीन व इमारती यांच्या प्रकाशाने मिश्रित असतील.

युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांमुळे ही अडचण बरीच कमी झाली. त्यांपैकी पहिला २०१५ मध्ये व दुसरा २०१७ मध्ये प्रक्षेपित झाला. त्यांचे काही वर्णपट्टे १० मीटर, तर ७०५ नॅनोमीटरजवळील पट्टा २० मीटर विभेदनक्षमतेचा आहे. २० मीटरच्या हिशेबाने बेळ्ळंदूरवर सुमारे ९,१०० चित्रबिंदू येतात. दोन उपग्रहांच्या जोडीमुळे एका ठिकाणाचे चित्र साधारणपणे पाच दिवसांनी मिळते व ते विनामूल्य उपलब्ध असते.

तरीही काही मर्यादा उरतातच. समुद्रावरून संवेदकाकडे येणाऱ्या प्रकाशातील सुमारे ९० टक्के भाग वातावरणातून आलेला असतो. तो वगळल्याशिवाय पाण्याचा रंग कळत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत. रडार उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकतात, परंतु त्यांना रंग दिसत नाही. खाजण सरोवर उथळ असल्यास तळाचा रंगही चित्रात मिसळतो. तलावावर जलपर्णी पसरली असेल तर तिच्याखालचे पाणी झाकले जाते. शिवाय सेंटिनेल-२ सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. माशांच्या दृष्टीने सर्वांत बिकट अशी पहाटेची वेळ तोवर टळून गेलेली असते.

रंग दिसला, कारण कोणते?

उपग्रह रंग दाखवितो. त्या रंगामागील कारण तो स्वतः सांगत नाही. महाराष्ट्रातील लोणार सरोवर हे याचे उत्तम उदाहरण आहे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट-८ उपग्रहाच्या मे अखेरच्या व जूनमधील चित्रांत हा बदल स्पष्ट दिसला. आरंभी लाल रंगद्रव्य असलेल्या शैवालांवर संशय व्यक्त झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्यावर हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. अवकाशातील चित्राने कोठे व केव्हा हे सांगितले. काय, हे मात्र बाटलीत भरलेल्या पाण्याने सांगितले.

विषाच्या बाबतीत हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो. विष रंगहीन असते. एकाच प्रजातीचे काही वाण विषारी, तर काही निर्विष असतात. उलटपक्षी, रात्री निळसर चमकणारा नॉक्टिल्युकाचा बहर डोळ्यांत भरतो, परंतु तो मानवास विषारी असतोच असे नाही. म्हणूनच निरीक्षणाची योग्य साखळी अशी असते : उपग्रहाद्वारे संशयित भाग ओळखणे, तेथे त्वरित नमुने घेणे, प्रयोगशाळेत प्रजाती व विष तपासणे आणि संबंधितांना इशारा देणे.

ही साखळी पूर्ण करण्याचे महत्त्व अमेरिकेतील टोलिडो शहराने अनुभवले. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील बहरामुळे तेथील नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन आढळले व सुमारे चार ते पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस पाणी न पिण्याचा आदेश द्यावा लागला. या सरोवरासाठी उपग्रह-चित्रांवर आधारित बहराची अनुमाने नियमितपणे प्रसिद्ध होतात. जलशुद्धीकरण केंद्राचा अधिकारी ती पाहून नमुने वाढवू शकतो. उपग्रहाच्या माहितीला येथे एक निश्चित वाचक आहे व त्या वाचकावर निश्चित कर्तव्य आहे.

बेळ्ळंदूरचा धडा

बंगळुरूजवळ मोठी बारमाही नदी नाही. उताराच्या खोऱ्यांत बांध घालून तलावांच्या मालिका निर्माण करणे ही तेथील जुनी जलव्यवस्था होय. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील पाणी बेळ्ळंदूरमध्ये, तेथून वर्तूर तलावात व पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. ही नदी तमिळनाडूतून वाहत बंगालच्या उपसागरास मिळते. शहर वाढले, कावेरीचे पाणी दुरून आणले गेले आणि ते वापरून झाल्यावर सांडपाणी होऊन याच खोऱ्यांत उतरले. पूर्वी पावसाचे पाणी साठविणारे तलाव वर्षभर सांडपाणी साठवू लागले. फेस हा मुख्यतः साबण व धुलाईच्या चुऱ्यातील पृष्ठसक्रिय द्रव्यांमुळे येतो. जलपर्णी व शैवाल हे पोषकद्रव्यांमुळे वाढतात. लक्षणे निरनिराळी असली तरी उगम एकच आहे.

येथे माहितीचा अभाव नव्हता. भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. टी. व्ही. रामचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या तलावांवर अनेक वर्षे अभ्यास केला. तलावावरील तण कोणत्याही उपग्रह-चित्रात दिसत होते. उणीव होती ती प्रत्येक थेंब सांडपाणी प्रक्रियेपर्यंत नेण्याची. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कृती आराखड्यासाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात राखून ठेवण्याचा आदेश कर्नाटक सरकारला दिला. त्यानंतर बंगळुरू विकास प्राधिकरणाने गाळ काढण्याचे काम हाती घेतले. मात्र गाळ काढणे हा अर्धाच उपाय आहे, कारण फॉस्फरस येतच राहिला तर नवा गाळ साचतो. प्रक्रिया केलेल्या पाण्यातूनही नायट्रोजन व फॉस्फरस काढणे यासाठी आवश्यक ठरते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पाणथळ क्षेत्रे (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांचा अभ्यास याच संदर्भात करावा. राज्यघटनेतील अनुच्छेद ४८-अ राज्यावर व ५१-अ (ग) नागरिकांवर पर्यावरण-रक्षणाची जबाबदारी सोपवितात.

चिलिकाचे उदाहरण आशादायक आहे. १९८१ मध्ये रामसर यादीत आलेले हे सरोवर ऱ्हासामुळे १९९३ मध्ये माँट्रो नोंदवहीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले आणि २००२ मध्ये ते त्या नोंदवहीतून वगळले गेले. निदानानंतर कृती झाली, म्हणून हे शक्य झाले. बेळ्ळंदूरच्या बाबतीतही उपग्रह-चित्राचे मोल त्या चित्रानंतर कोणता नाला अडविला जातो, यावरच ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. सुपोषण म्हणजे काय? रेडफिल्ड गुणोत्तराच्या आधारे फॉस्फरस-नियंत्रणाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. खाजण सरोवर व शहरी तलाव यांच्या उपग्रह-निरीक्षणातील फरक विभेदनक्षमतेच्या संदर्भात सांगा.
३. ‘उपग्रह पाण्याचा रंग सांगतो, कारण नव्हे.’ लोणार व बेळ्ळंदूर यांच्या आधारे चर्चा करा.