मोटारसायकलचे वायरिंग : बिघाड शोधण्याचा क्रम आणि जादा जोडण्या



गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. आपले एक सभासद रात्रपाळीची लाईट आली म्हणून उसाला पाणी द्यायला मोटारसायकलवरून निघाले. गाडीला पुढे दोन जादा एल.ई.डी. दिवे बसवलेले होते. आधी दोनदा फ्यूज उडाला, तेव्हा कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती. "आता काय उडत नाही बघा!" फ्यूज उडाला नाही हे खरे. पण कालव्याच्या पुलाजवळ सीटखालून जळका वास आला आणि सगळे दिवे एकदम गेले. समोर दहा पावलांवर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. गाडी कशीबशी थांबली, माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी आमच्या वाहन विभागात टाकी उतरवून पाहिली, तर खालची वायर वीतभर वितळलेली. वर पेट्रोल, खाली जळकी वायर! म्हणून हा धडा.

फ्यूज कशासाठी?

फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर सोसेल त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की फ्यूज स्वतः जळतो आणि वाट बंद करतो. तेव्हा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो याचा अर्थ फ्यूज हलका आहे असा घेऊ नये. कुठे तरी वायर सोलून चॅसीला लागली आहे किंवा भार जादा झाला आहे, असे समजावे. तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा 10 च्या जागी 20 अँपिअरचा फ्यूज हे उपाय नव्हेत. ते आगीला आमंत्रण आहे.

बिघाड शोधायचा कसा?

दिवा लागला नाही की आपण आधी बल्ब बदलतो, मग स्विच खोलतो आणि शेवटी सगळेच वायरिंग उसकटून बसतो. तसे करू नका. बॅटरीपासून सुरुवात करा आणि एकेक टप्पा पुढे जा.

1. बॅटरीची टोके घट्ट आहेत का, पांढरा-हिरवा गंज चढला आहे का, हे पाहा. निम्मे बिघाड इथेच सापडतात. टोक काढताना आधी निगेटिव्ह काढावे, बसवताना ते शेवटी बसवावे.

2. मीटर लावा. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान यावा. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बल्ब वारंवार का जातात याचे उत्तर तिथेच मिळेल.

3. फ्यूज पाहा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, मीटरने तपासा.

4. अर्थिंग पाहा. दिवा मंद लागतो किंवा इंडिकेटर दिला की मागचा दिवाही लुकलुकतो, तेव्हा बहुधा अर्थची वायर ढिली असते किंवा तिच्याखाली रंग-गंज असतो. जागा पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळा.

5. हॅण्डलच्या मानेजवळचा वायरींचा जुडगा तपासा. हॅण्डल रोज डावी-उजवीकडे वळते आणि आतली वायर तुटते; वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. हॅण्डल वळवताना दिवा लागतो-विझतो, तर दोष इथेच आहे. गोठ्यात गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही पाहावे.

इंडिकेटर एकाच बाजूला भराभर उघडझाप करत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. आणखी एक सूचना : 2020 नंतरच्या बी.एस.6 गाड्यांत बहुधा इंजेक्शन आणि सेन्सर असतात. त्या वायरींना टेस्ट लॅम्पचे टोक लावू नये. ते काम जाणकाराचे.

जादा जोडणीचा हिशोब

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 18 वॅटचे दोन दिवे म्हणजे 36 वॅट. 36 ला 12 ने भागले की 3 अँपिअर. 100-125 सीसीच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी 3 ते 5 अँपिअर-तासांचीच असते. म्हणजे इंजिन बंद करून त्या उजेडात मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करत बसलात, तर तासाभरात बॅटरी बसते. शिवाय एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. तोही भार हिशोबात धरावा.

मोबाईल चार्जर थेट बॅटरीवर जोडला आणि तो गाडी बंद असतानाही 20 मिलीअँपिअर खात राहिला, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. 4 अँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांत रिकामी! चार्जर किल्ली चालू असतानाच चालेल असा जोडून घ्या.

दिव्यांसाठी हेडलाईटची वायर सोलून तिथेच पीळ मारून टेप लावू नका. रिले वापरा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जवळच 5 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचे 30 नंबरचे टोक, 87 वरून दिव्यांना वायर. 86 ला किल्लीवर चालणारी वायर स्विचमधून आणा आणि 85 ला अर्थ द्या. मग दिव्यांचा भार गाडीच्या मूळ वायरिंगवर पडत नाही. वायर सायलेन्सरपासून दूर न्या, स्लीव्हमध्ये घाला, टाकीखाली घासणार नाही अशी बांधा. सुरावटीचे व कर्कश हॉर्न नियमात बसत नाहीत, तेव्हा तो खर्च करूच नये. जादा दिव्यांचा झोतही खाली ठेवा. समोरच्याचे डोळे दिपले तर धोका दोघांनाही.

फ्यूज चार-दोन रुपयांची वस्तू आहे. योग्य नंबरचे दोन फ्यूज आजच टूलकिटमध्ये टाकून ठेवा. ते सभासद आता तसेच करतात, आणि फ्यूज उडाला की आधी कारण शोधतात.