भागीदारी आणि बाजारपेठ

दिव्य कुरआनच्या 'साद' या अध्यायात हजरत दाऊद (अ.) यांच्यापुढे दोघांचा तंटा येतो. एका भावाजवळ नव्व्याण्णव मेंढ्या आहेत, दुसऱ्याजवळ एकच. आणि तीही पहिल्याला हवी आहे. दाऊद (अ.) यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की भागीदारांपैकी पुष्कळजण एकमेकांवर अन्याय करतात, श्रद्धावंत व सत्कर्मी तेवढे त्यातून वगळावेत, आणि ते थोडेच असतात (३८:२४).

वाशिम जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्यांनी एकत्र यावे, असे आपण वारंवार म्हणतो. ते म्हणण्यापूर्वी ही आयत एकदा वाचावी. एकत्र येणे अवघड नाही. कोणत्या अटींवर यावे, हे अवघड आहे.

आपल्याकडील बाजार सोयाबीन-तुरीवर चालतो. मृगात पेरणी होते आणि सोयाबीन घरात येईस्तोवर दसरा-दिवाळी उजाडते. तोवर किराणा, कापड, शिवणकाम सारे उधारीवर. दुकानदाराला मात्र ठोक व्यापाऱ्याची रक्कम वेळेवर भागवावी लागते, आणि ती व्याजाने उचलली की पाऊस पडो वा न पडो, व्याज चढतच राहते. तोटा एकट्या दुकानदाराचा, सावकाराचा नाही. व्याजातील अन्याय समजण्यास याहून मोठे प्रमाण नको.

शिर्कत आणि मुजारबत यांची रचना नेमकी याच्या उलट आहे. शिर्कतीत नफ्याचे प्रमाण परस्पर संमतीने ठरते. तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच सोसावा लागतो. मुजारबतीत एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. हयगय किंवा लबाडी नसताना तोटा आला, तर धनकोचे धन जाते आणि श्रमिकाचे श्रम. हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रेषित्वापूर्वी व्यापार केला, हे आपण मुलांना सांगतो, पण गावातील होतकरू तरुणाला त्याच पद्धतीने भांडवल देण्यास किती हात पुढे येतात?

भागीदारांचे आपसांत जुळले म्हणजे सारे झाले असेही नाही. माल आणणारा शेतकरी आणि माल घेणारे गिऱ्हाईक, दोघेही त्या कराराबाहेर असतात. शहराबाहेर जाऊन येणाऱ्या तांड्यांना गाठणे व बाजारभाव कळण्याआधीच त्यांचा माल उचलणे, यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल त्यांनी उघड केली, ती मदीनेच्या बाजारातच.

आपल्याच जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. देशातील ही पहिलीच. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, परोपकार नव्हे. तरीही ठरलेल्या जागी, चारचौघांच्या देखत सौदा व वजन व्हावे, ही त्यातील गोष्ट मदीनेच्या शिकवणीजवळची आहे.

आणखी एक इशारा फिकहच्या ग्रंथांत सापडतो. वारसांची मालमत्ता वाटून देणारे कसबी लोक असत. त्यांनी आपसांत भागीदारी करू नये, असे हनफी मताच्या 'हिदाया' या ग्रंथात म्हटले आहे. कारण सारे एक झाले की मेहनताना वाढेल व लोकांची अडवणूक होईल. म्हणजे मंगरूळपीरच्या चार दुकानदारांनी अकोल्याहून एकाच गाडीत माल आणून भाडे वाचवावे, हे चांगलेच. पण त्याच चौघांनी ईदच्या तोंडावर शेवया-खजुराचा भाव संगनमताने चढवला, तर तीच एकी जुलूम ठरते. वाचलेल्या भाड्याचा काही अंश गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो की नाही, यावरून ओळखावे.

राहिला हिशेब. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याविषयी आहे. आपल्याकडे "भावाभावांत कागद कशाला?" म्हणतात, आणि पुढे बोलणेही बंद होते. करार लिहावा, दोन साक्षीदार घ्यावेत, दर महिन्याला वही सर्वांसमोर उघडावी. आणि नापिकीच्या वर्षी ज्याच्या नावावर बाकी आहे, त्याला सवड द्यावी. ती आज्ञा दोनच आयती आधी आहे.