‘रँक किती आली होती?’

मूल लॉ कॉलेजात गेलं की आपण निम्मे निर्धास्त होतो. कायदाच शिकतंय, त्याला कोण छळणार!

मग रात्री फोन. एका हाताने कुकर लावत आपण विचारतो, ‘जेवलीस का? इंटर्नशिपचं काय झालं?’ ती म्हणते, ‘ठीक आहे सगळं.’ दमलेल्या जिवाला तेवढं पुरतं. माझ्याही घरी हेच चालतं.

होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेबद्दल प्रश्न येतो, ‘क्लॅटला रँक किती?’ वरवर साधा. पण पुष्कळदा त्यातून जात ताडली जाते, आणि राखीव जागेवरून आलेल्या मुलीला ते बरोबर कळतं. मग इंग्रजी. क्लॅट इंग्रजीतूनच, त्यामुळे येतं सगळ्यांनाच. पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, युक्तिवाद करताना एखादा उच्चार चुकते, मागे खसखस पिकते. पुढच्या वेळी टीम ठरते तेव्हा तिला कोणी विचारतही नाही. ना शिवी, ना मारहाण. घरी सांगायचं तरी काय?

तरी तिने सांगितलंच, तर आपण पटकन म्हणतो, ‘दुर्लक्ष कर, अभ्यासात लक्ष घाल.’ आपल्या डोळ्यांपुढे फीचं कर्ज असतं, पाच वर्षं असतात, उद्या याच मुलांबरोबर कोर्टात उभं राहायचं असतं. अहो, ही भीती तिलाही असतेच. म्हणून तर ती गप्प असते. आधी नुसतं ऐकून घेऊ या. मेसेज, तारखा जपून ठेवायला सांगू या. तक्रार कधी करायची, ते तिला ठरवू दे.

यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून जात, धर्म, भाषा, रंगरूप, गरिबी यांवरून होणारा छळही रॅगिंगच धरला जातो. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९चा. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

आता जरा अवघड बोलते. रँक विचारणारं मूल आपलंही असू शकतं. ‘कोट्यातून घुसतात’ हे त्याने बहुधा घरीच, जेवताना ऐकलेलं असतं. गादी-बादलीबरोबर तेही होस्टेलवर जातं. तेव्हा सुट्टीत लेक घरी आला की त्याच्याशीही एकदा बोलून घ्या.