केळ्यांची पेटी आणि फळांची पेटी

केळें हें फळ आहे, याविषयीं खानदेशांत कोणास शंका नाहीं. परंतु केळ्यांची पेटी ही फळांची पेटी होय काय, असा प्रश्न आम्हीं संगणकाच्या तासाला विचारला, तेव्हां सर्व वर्गानें एकमुखानें "होय" असें उत्तर दिलें. तें उत्तर कोठें चुकतें, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

जावा या भाषेंत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधींच ठरलेला असावा लागतो, आणि आज्ञावली चालूं लागण्यापूर्वीं 'कंपायलर' नांवाचा परीक्षक ते सर्व प्रकार ताडून पाहतो. तींत 'फळ' हा एक वर्ग करावा, व 'केळें' आणि 'लिंबू' हे त्याचे वारस करावे. म्हणजे जेथें फळ मागितलें तेथें केळें देतां येतें. वर्ग व वारसा यांची ही कल्पना डाल आणि न्यूगार्ड या दोघां नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनीं 'सिम्युला ६७' या भाषेंत आणिली.

आतां पेटीकडे वळूं. रावेर-यावलच्या बागांतून केळीं हिरवीं असतांनाच काढतात, आणि दूरच्या शहरीं पोंचल्यावर तीं पिकविण्याच्या खोलींत ठेवितात. त्या खोलीचा मालक पेटीवरील 'केळीं' हा शब्द पाहूनच ती आंत घेतो. समजा, वाटेंत कोणी तीच पेटी 'फळांची पेटी' म्हणून हातीं घेतली. फळांच्या पेटींत लिंबू ठेवण्यास हरकत ती कोणती? त्यानें चार लिंबें टाकिलीं. त्याची चूक नाहीं, मालकाचीही नाहीं. ज्या क्षणीं पेटीचें नांव बदलूं दिलें, त्या क्षणीं चूक झाली.

हा प्रमाद जावामध्यें प्रत्यक्ष आहे. 'ॲरे' म्हणून ओळीनें मांडलेल्या खणांची जी जुनी सोय, तींत केळ्यांची ॲरे फळांची ॲरे म्हणून खुशाल खपते. क्रम लावण्याचें एकच काम सर्व प्रकारच्या ॲरेंना उपयोगी पडावें, म्हणून ही सवलत ठेविली. त्या वेळीं भाषेंत दुसरा मार्ग नव्हता. आमच्या वर्गांतील एका गटाची आज्ञावली कंपायलरनें निमूटपणें पसंत केली, आणि चालतां चालतां लिंबू ठेवण्याच्या ओळीवर ती बंद पडली. दुपारभर बसून भरलेल्या नोंदी गेल्या.

१९९८ सालीं ब्राखा, ओडर्स्की, स्टाउटमायर व वॉडलर या चौघांनीं जावाला 'जेनेरिक्स'ची जोड देण्याची योजना मांडली, आणि २००४ सालीं जेनेरिक्स भाषेंत आले. 'पेटी' हा वर्ग एकदांच लिहावयाचा, व आंत काय राहील तो प्रकार टोकदार कंसांत मागाहून सांगावयाचा. येथें मात्र नियम कडक आहे. 'केळें' हा वर्ग 'फळ' याचा वारस असला, तरी केळ्यांची पेटी फळांच्या पेटीची वारस नव्हे.

मग मापाड्यानें काय करावें? त्याला केळीं, लिंबें, सर्वांचेंच वजन करावयाचें असतें. पण तो पेटींतून केवळ काढून पाहतो. आंत कांहीं टाकीत नाहीं. म्हणून त्याला 'फळ किंवा फळाचा कोणताही वारस, यांची पेटी' अशी मोकळीक देतात, व ती 'एक्स्टेंड्स' या शब्दानें लिहितात. मोबदला हा कीं, त्या पेटींत त्याला एक केळेंही टाकतां येत नाहीं. पेटी नेमकी कशाची, हें कंपायलरला कोठें ठाऊक आहे? उलट, बागेंत केळीं उतरविणारा मजूर केवळ टाकतो. त्याला केळ्यांची पेटी चालेल, फळांची चालेल, वाटेल त्या मालाची चालेल. त्यासाठीं 'सुपर' हा शब्द आहे. विद्यार्थी याला भितात. आमच्या मतें दोहोंत हाच अधिक सरळ आहे. सी-शार्प या भाषेनें २०१० सालीं अशाच भेदासाठीं 'आउट' आणि 'इन' हे शब्द घेतले.

त्या गटानें पुढें ॲरे सोडून जेनेरिक यादी घेतली. केळ्यांची यादी फळांची म्हणून देऊं केली, त्याच ओळीखालीं लाल रेघ उमटली, आणि आज्ञावली मुळीं सुरूच झाली नाहीं. जावांतील ॲरे मात्र आजही पूर्वीसारखीच आहे.