पदवी आणि योग्यता

प्रस्तुत पाठात नामांकित विद्यापीठाची पदवी आणि व्यवसायातील यश यांच्या संबंधाचा विचार केला आहे. विषयाच्या दोन्ही बाजू कशा मांडल्या आहेत, याकडे वाचताना लक्ष द्या.

श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिकत असताना गणिताखेरीज अन्य विषयांत अनुत्तीर्ण झाले. त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि पदवीचे शिक्षण अपुरे राहिले. असामान्य बुद्धिमत्ता असूनही पदवीअभावी त्यांना नोकरीसाठी वणवण करावी लागली. अखेर १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये वेतनाची कारकुनी मिळाली.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यात त्यांनी स्वतःच नमूद केले होते. हार्डींनी पत्रातील प्रमेयांवरून त्यांची योग्यता ओळखली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले, १९१६ मध्ये पदवीधर झाले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रामानुजन यांची प्रतिभा केंब्रिजने निर्माण केली नाही. मात्र तोलामोलाचे सहकारी, सिद्धता काटेकोरपणे मांडण्याची शिस्त आणि जगाची मान्यता त्यांना तेथे मिळाली. मोठ्या विद्यापीठाचे महत्त्व ते हेच.

सर्वसामान्य विद्यार्थ्यांचे काय? अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या योग्यतेच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. नामांकित महाविद्यालयात शिकलेले आणि तेथे प्रवेश मिळूनही अन्यत्र शिकलेले, यांच्या पुढील उत्पन्नात फारसा फरक आढळला नाही. गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मात्र नामांकित महाविद्यालयाचा लाभ झालेला दिसला. ज्यांच्या घरी मार्गदर्शन व ओळखी नाहीत, त्यांना संस्थेचा आधार अधिक मोलाचा ठरतो, असा याचा अर्थ लावता येतो.

भारतात वैद्यकी किंवा वकिली पदवीवाचून करता येत नाही. नागरी सेवा परीक्षेलाही पदवी लागते. परंतु ती कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची चालते. मुक्त विद्यापीठाचा पदवीधरही त्या परीक्षेला बसू शकतो.

तात्पर्य, पदवीला तुच्छ लेखणे योग्य नाही आणि विद्यापीठाच्या नावापुढे दबून जाण्याचेही कारण नाही. नावामुळे पहिली भेट सुलभ होते. त्यानंतर माणसाची पारख त्याच्या कामावरूनच होते.

शब्दार्थ
वणवण – कष्टाची भटकंती
प्रमेय – सिद्ध करावयाचे विधान
तोलामोलाचे – बरोबरीच्या योग्यतेचे
पारख – परीक्षा

स्वाध्याय
१. पदवी नसल्यामुळे रामानुजन यांना कोणत्या अडचणी आल्या?
२. केंब्रिजमध्ये रामानुजन यांना काय मिळाले?
३. ‘माणसाची पारख त्याच्या कामावरूनच होते’ या विधानाविषयी आपले मत उदाहरणासह लिहा.