हिंगोलीला समुद्र नाही गं!

तुझी कथा वाचली. आधी पाणी पी आणि स्वस्थ बस, कारण तुझ्या मेसेजवरून वाटतंय की तू कथा लिहीत नाहीयेस, बोर्डाची परीक्षा देतेयस. दिवाळी अंकाची मुदत जवळ आलीय, घरात पाहुणे आणि राक्षस काही केल्या भयंकर होत नाहीये. होईल गं. पण मला एक सांग, हिंगोलीच्या कथेत समुद्र कुठून आला? कयाधूकाठच्या मुलीनं एवढा सोंडासोंडांचा देव उभा केला, तो ठेवायचा कुठे, इसापूर धरणात?

खरं सांगू का, तो समुद्र लव्हक्राफ्टचा आहे. हा भयकथाकार अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स नावाच्या बंदराच्या गावचा. पाण्याखाली निजलेला पुरातन देव आणि त्याची चोरून पूजा करणारे पंथ, यांची त्याची कथा ‘कॉल ऑफ क्थुलू’ १९२८ साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आली. त्याला मासळीचा विलक्षण तिटकारा होता. त्यामुळे त्याचा राक्षस तसाच बुळबुळीत होणार. तू तर सुकटीची चटणी बोटं चाटून खातेस, तुला त्या सोंडांची शिसारी येणार कशी?

उसनं घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही हं. ‘तुंबाड’ सिनेमातला हस्तर आठव. हस्तुर हे नाव आधी अँब्रोज बिअर्सच्या कथेत मेंढपाळांचा देव म्हणून आलं, मग चेंबर्सकडून लव्हक्राफ्टकडे गेलं, पुढे स्टीफन किंगनं ते ‘ग्रामा’ या कथेत घेतलं. आपल्या नारायण धारपांची ‘आजी’ त्या कथेच्या जवळची, आणि राही अनिल बर्वेंच्या २०१८ च्या त्याच सिनेमातली ती भयंकर म्हातारी धारपांच्या ‘आजी’वरून आली. एवढा प्रवास करून आलेला तो देव कोकणातल्या वाड्यात कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो, तेव्हा आपण त्याचं मूळ गाव विचारतो का? कणीक आपल्या ओळखीची, वाडा ओळखीचा, सोन्याची हाव तर फारच ओळखीची. मी पहिल्या भयकथेत राक्षसाला अकरा डोळे दिले होते. आईनं वाचून एवढंच विचारलं, “याच्या चष्म्याचा खर्च कोण करतं गं?” तेव्हापासून मी डोळे मोजायचं सोडलं. तूही सोड. राक्षस जेवढा कमी दाखवशील तेवढं बरं.

मग दाखवायचं काय? अगं, तुझ्याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे आहे ना! कित्येक वर्षं तिथल्या जमिनीतून आवाज येतात. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, माणसं लेकरं उचलून अंगणात येतात. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्या आवाजात काय ऐकू येत असेल ते तुला मी सांगायला नको. आणि बघ, लव्हक्राफ्टच्या कथेतही भूकंपानंतरच ते बुडालेलं शहर वर येतं. मात्र गावाचं नाव बदल. तिथली माणसं खरंच रात्री जागतात गं, त्या आवाजाला आपण देवाचा कोप म्हणून मोकळं व्हायचं नाही. कथेत भूगर्भतज्ज्ञाला येऊ दे, त्याचं म्हणणं खरंही ठरू दे. त्यानंतरही भीती उरली, तर ती कथा जमली असं समज.

आता औंढा नागनाथाकडे ये. तिथल्या देवळाच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरत खाली उतरायचं, हे तू लहानपणापासून करतेस. संत नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्टही तुझ्या आजीनं सांगितलेली. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा होतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक थरथर! २०१५ साली अमेरिकेत पहिल्यांदा पकडलेली तसली लाट सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीच्या दोन कृष्णविवरांच्या धडकेची होती. त्या धडकेत तीन सूर्यांइतकं वस्तुमान क्षणात संपलं, आणि आपल्याकडे पोचली ती एवढीशी थरथर.

लव्हक्राफ्टची सगळी भीती यातच आहे: विश्वाला आपली गणतीच नाही. धारपांच्या कथांत निदान त्यांचा नायक समर्थ धावून येतो. आपल्याकडे तर देऊळसुद्धा भक्ताकडे वळतं. मग तुझ्या कथेतली मुलगी अशा मुलखात वाढलेली असू दे, जिथे हाक मारली की कुणीतरी वळतंच. ती रात्रपाळीला त्या यंत्रापाशी बसलीय आणि पहिल्यांदाच तिला कळतंय की पलीकडे वळणारं कुणी नाही. किंवा वळलंय, पण ते नामदेवांचं नव्हे. बघ, आला ना काटा? आणि यात समुद्र कुठेच लागला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी रागावणार आहे. तुझ्या पंथवाल्यांनी कुमारिकेचा बळी द्यायचा, तो प्रसंग तू फार सजवलायस. मशाली, मंत्र, लाल पातळ. अगं, १९७२ ते ७४ मध्ये मानवतला गुप्तधनापायी लहान मुलींचे आणि बायकांचे खून झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे ते आपल्याच घरातलं. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी तपास केला तेव्हा समोर कुणी पुरातन दैत्य आला नाही, हावरी माणसं आली. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडलं, तेही त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेल्यावर. तेव्हा बळी हवाच असेल तर त्या मुलीला नाव दे, शाळा दे, तिची वाट बघणारी आई दे. मशाली काढून टाक.

आणि घरच्यांचं म्हणशील, तर “पोरीनं असलं अभद्र काय लिहायचं” हे ऐकावं लागेलच. ऐकून घे, चहा टाक, आणि बोलणाऱ्यालाच विचार की तुमच्या गावच्या मुंजाची गोष्ट काय होती. दोन तास उठणार नाहीत. वही जवळ ठेव. पाहुणे गेले की पहिली चार पानं नव्यानं लिही आणि रविवारी मला पाठव. व्याकरण मी बघते.